रिक्वेस्टचा माग काढत बगपर्यंत कसं पोचायचं

जुन्या ऑर्डर उघडत होत्या, नव्या उघडत नव्हत्या. यादीत ऑर्डर दिसायची, तिच्यावर क्लिक केलं की पुढच्या पानावर ‘ऑर्डर सापडली नाही’. डेटाबेसमध्ये डोकावलं तर ऑर्डर जागच्या जागी. आम्ही तिघं जण सकाळभर अंदाज बांधत बसलो. एकाने कॅश साफ केली, दुसऱ्याने परवानग्यांचा कोड बदलला, मी क्वेरी नव्याने लिहिली. बग ढिम्म हलला नाही. दुपारी एका ऑर्डरचा आयडी कागदावर लिहून घेतला, तो कुठून कुठे जातो ते पाहत गेलो आणि अर्ध्या तासात चूक हाती आली. ती काय होती ते ओघात येईलच. सकाळ वाया जाण्याचं कारण साधं होतं: चूक कुठे आहे हे कळायच्या आत आम्ही तिघंही दुरुस्तीला लागलो होतो.

वेब ॲप्लिकेशनमध्ये एका क्लिकमधून निघालेली रिक्वेस्ट (ब्राउझरने सर्व्हरकडे केलेली मागणी) बरीच दारं ओलांडते. ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट, मग प्रॉक्सी (ॲपच्या पुढे उभा राहून रिक्वेस्ट आत पाठवणारा सर्व्हर), मग ॲप सर्व्हर, मग डेटाबेस, आणि त्याच वाटेने परत. प्रत्येक दारापाशी थांबून एवढंच पाहायचं की आत काय गेलं आणि बाहेर काय आलं. बरोबर आत गेलं आणि चुकीचं बाहेर आलं, असं जे दार सापडेल तिथे बग आहे. हे दार नक्की होईपर्यंत कोडला हात लावायचा नाही. पुढची सगळी पद्धत या एका बंधनावर उभी आहे.

तक्रारीतून पुरावा काढा

‘सेव्ह होत नाहीये’ एवढ्यावर कुणालाही काही शोधता येणार नाही. सांगणाऱ्याकडून या गोष्टी मिळवा: पानाचा पूर्ण पत्ता, कोणत्या लॉगिनने, किती वाजता, काय दिसायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय दिसलं. स्क्रीनशॉट मागितलात तर ॲड्रेस बारसकट अख्ख्या खिडकीचा मागा, कारण लोक फक्त लाल चौकट कापून पाठवतात. यातली वेळ सगळ्यात मोलाची. लाखो ओळींच्या लॉगमध्ये शिरायला तेवढीच एक वाट असते. मात्र सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतं आणि तक्रार करणाऱ्याचं भिंतीवरच्या वेळेवर, तेव्हा बेरीज-वजाबाकी करूनच शोधा. चुकीच्या तासाचा लॉग वाचून ‘आमच्याकडे काहीच एरर नाही’ असं मी एकदा छातीठोकपणे कळवलेलं आहे.

आणखी एक प्रश्न विचारा: कुणाला होतं आणि कुणाला होत नाही? आमच्या प्रकरणात उत्तर होतं, ‘जुन्या ऑर्डर चालतात, नव्या नाही’. बगचा अर्धा पत्ता या वाक्यात होता. जुन्या आणि नव्या ऑर्डरमध्ये फरक काय, हे सकाळीच तपासलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

पुन्हा घडवून आणा

बग हुकमी घडवता आला की निम्मं काम झालं. आधी तक्रारीत सांगितलेल्या पायऱ्या जशाच्या तशा करा, मग एकेक पायरी गाळून पाहा. दहा पायऱ्यांचा बग शेवटी दोन पायऱ्यांत घडतो आणि उरलेल्या आठ निव्वळ गर्दी असते असं बऱ्याचदा निघतं. इन्कॉग्निटो खिडकीत घडत नसेल तर संशय कुकी, कॅश, सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणारी स्क्रिप्ट) किंवा एखाद्या एक्स्टेन्शनवर जातो. एकाच लॉगिनला घडत असेल तर त्या लॉगिनच्या डेटावर. लोकलवर, म्हणजे तुमच्या स्वतःच्या संगणकावर, घडत नसेल तर हिरमुसू नका, तो फरकही पुरावाच असतो. त्याबद्दल पुढे येईलच.

ब्राउझर की सर्व्हर?

पहिला मोठा निवाडा इथे होतो आणि तो ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबवर होतो. डेव्हलपर टूल्स आधी उघडा आणि मग कृती करा, कारण ती बंद असतानाच्या रिक्वेस्टची नोंद होत नाही. ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करा, नाहीतर पान बदललं की यादी पुसली जाते. आता बटण दाबा.

रिक्वेस्ट निघालीच नाही? मग सर्व्हर निर्दोष. कन्सोल पाहा, जावास्क्रिप्ट वाटेतच कोसळलं असणार किंवा बटणाला क्लिकचा हँडलरच जोडला गेलेला नसणार. रिक्वेस्ट निघाली असेल तर आधी पेलोड पाहा. पाठवलेली माहितीच चुकीची असेल तर पुढचं काही बघायची गरज नाही. पेलोड बरोबर असेल तर स्टेटस कोडकडे, म्हणजे सर्व्हरच्या उत्तरासोबत येणाऱ्या तीन अंकी आकड्याकडे, वळा.

स्टेटस कोड लोक घाईत वाचतात. ४०१ म्हणजे तुम्ही कोण हे सर्व्हरला कळलेलं नाही, ४०३ म्हणजे कळलंय पण परवानगी नाही. दोन्हींची दुरुस्ती वेगवेगळ्या ठिकाणी होते. ४०० किंवा ४२२ आला तर सर्व्हरला तुमचा डेटा पटलेला नाही आणि का पटला नाही हे बहुतेकदा रिस्पॉन्सच्या, म्हणजे उत्तराच्या, बॉडीत (मुख्य मजकुरात) लिहिलेलं असतं, फक्त कुणी उघडून पाहत नाही. मोठी फाइल चढवताना ४१३ आला तर ॲपचा कोड चाळत बसू नका. एनजिनएक्स या प्रॉक्सीमध्ये बॉडीची मर्यादा मुळात १ एमबी असते आणि तुमची फाइल ॲपपर्यंत पोचलेलीच नसते. ५०० म्हणजे ॲपच्या कोडमध्ये काहीतरी फुटलं. ५०२ म्हणजे प्रॉक्सीला ॲपकडून धड उत्तर मिळालं नाही, बहुधा ॲपची प्रोसेस मेली आहे. ५०४ म्हणजे प्रॉक्सी वाट पाहून कंटाळला. एनजिनएक्सचा संयम ठरावीक सेटिंगमध्ये ६० सेकंदांचा असतो. म्हणून रिक्वेस्ट बरोबर ६० सेकंदांनी पडत असेल तर ती किती काळ चालणार होती हे त्या आकड्यावरून कळत नाही, फक्त ती मंद आहे एवढं कळतं.

इथे चार सापळे आहेत आणि मी चारही वेळा त्यांत पाय घातलेला आहे.

पहिला: कन्सोलमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ आणि पुढे ‘<’ ही खूण. जेसन (डेटा पाठवण्याचा मजकुरी साचा) बिघडलाय असं समजून लोक जेसन तपासत बसतात. खरं तर ती खूण एचटीएमएलच्या पहिल्या टॅगची असते. सर्व्हरने जेसनऐवजी एखादं एचटीएमएल पान पाठवलंय: लॉगिनचं, ४०४चं किंवा एररचं. रिस्पॉन्स उघडा, कोणतं पान आहे ते वाचा, कोडं तिथेच सुटतं.

दुसरा: कॉर्सची, म्हणजे दुसऱ्या डोमेनवरच्या सर्व्हरशी बोलण्याबद्दलच्या ब्राउझरच्या नियमांची, एरर. ती खरीही असू शकते. पण सर्व्हर ५०० देऊन कोसळतो तेव्हा एररच्या रिस्पॉन्सला कॉर्सचे हेडर जोडायचे राहून जातात आणि ब्राउझर कॉर्सच्या नावाने ओरडतो. काल चालणारा एपीआय आज अचानक कॉर्सची तक्रार करू लागला तर कॉर्सची सेटिंग्ज सैल करण्याआधी सर्व्हरचा लॉग वाचा.

तिसरा: फेच, म्हणजे जावास्क्रिप्टमधून रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन. ४०४ किंवा ५०० आला तरी फेच त्याला अपयश मानत नाही, कॅच ब्लॉक चालत नाही आणि कोड खुशाल पुढे जातो. ‘रिस्पॉन्स.ओके’ तपासणं तुमच्यावर आहे. ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड’ ही एरर जिथे दिसते त्याच्या पुष्कळ आधी ही चूक झालेली असते.

चौथा: पोस्ट (माहिती पाठवणारी रिक्वेस्ट) पाठवली आणि सर्व्हरवर गेट (माहिती मागणारी) येऊन पोचली. मध्ये ३०१ किंवा ३०२चा रीडायरेक्ट आहे का ते पाहा. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेणारा किंवा पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ जोडणारा. अशा रीडायरेक्टवर ब्राउझर पोस्टचं गेट करतो आणि बॉडी गळून पडते. पत्ता सुरुवातीपासून बरोबर द्या. रीडायरेक्ट हवाच असेल तर मेथड जशीच्या तशी ठेवणारे ३०७ आणि ३०८ आहेत.

सर्व्हरवर संशय बळावला की रिक्वेस्टवर राइट क्लिक करून ‘कॉपी ॲज कर्ल’ घ्या (कर्ल म्हणजे ब्राउझरशिवाय रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) आणि टर्मिनलमध्ये चालवा. ब्राउझर बाजूला झाला. तरीही तेच चुकीचं उत्तर आलं तर दोष सर्व्हरकडे, बरोबर आलं तर ब्राउझरकडे. फक्त त्या कमांडमध्ये तुमच्या लॉगिनची कुकी असते, ती ऑफिसच्या चॅटमध्ये चिकटवू नका.

आमच्या ऑर्डरचा छडा इथेच लागायला हवा होता. सर्व्हरच्या लॉगमध्ये मागणी आलेला आयडी होता १२३४५६७८९०१२३४५६८०० आणि डेटाबेसमधला होता १२३४५६७८९०१२३४५६७८९. शेवटचे आकडे बदललेले. मी नेटवर्क टॅबमध्ये यादीचा रिस्पॉन्स ‘प्रिव्ह्यू’त पाहिला, तिथेही ८०० दिसलं आणि मी सर्व्हरला दोषी ठरवून मोकळा झालो. कर्लने मागवलं तेव्हा मात्र ७८९! ‘प्रिव्ह्यू’ शेजारच्या ‘रिस्पॉन्स’ टॅबमध्ये कच्चा मजकूर होता, तिथेही ७८९. प्रिव्ह्यू दाखवण्याआधी ब्राउझर जेसनचा अर्थ लावतो आणि आकडा तिथेच बिघडतो. जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक बिनचूक धरू शकतो. त्यापलीकडे तो जवळच्या आकड्यावर सरकतो. महिनाभरापूर्वी आयडी तयार करण्याची पद्धत बदलून ते १९ अंकी झाले होते. जुन्या ऑर्डर मर्यादेच्या आत, नव्या बाहेर. साक्षीदार खोटं बोलू शकतो हे मला माहीत होतं, तपासाचं हत्यारही बोलू शकतं हे त्या दिवशी कळलं.

कन्सोल.लॉगचंही असंच आहे. ऑब्जेक्ट छापला आणि नंतर बाण दाबून उघडला तर उघडण्याच्या क्षणाची मूल्यं दिसतात, छापण्याच्या क्षणाची नाही. शंका असेल तर जेसनची स्ट्रिंग करून छापा किंवा सरळ ब्रेकपॉइंट (कोड ठरावीक ओळीवर थांबवणारी खूण) लावा.

स्टॅक ट्रेस वाचणं

लांबलचक ट्रेस, म्हणजे एररपर्यंत कोणतं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याची यादी, दिसला की हात आपोआप स्क्रोलवर जातो. आधी कोणत्या टोकापासून वाचायचं ते ठरवा. पायथनमध्ये मूळ एरर सगळ्यात खाली असते, जावास्क्रिप्ट आणि जावामध्ये वर. जावात मात्र ‘कॉज्ड बाय’ अशा साखळ्या लागतात आणि खरं कारण बहुधा शेवटच्या ‘कॉज्ड बाय’पाशी असतं. एररचं वाक्य पूर्ण वाचा, शोधयंत्रात टाकण्यापूर्वी स्वतः वाचा. मग ट्रेसमधल्या लायब्ररीच्या ओळी सोडून तुमच्या स्वतःच्या फाइलची पहिली ओळ शोधा. तपास तिथून सुरू करा.

ती ओळ बहुधा गुन्ह्याची जागा नसते, प्रेत सापडल्याची असते. एखादं मूल्य तिथे नल (रिकामं) निघालं, पण ते नल झालं आधी कुठेतरी. म्हणून त्या व्हेरिएबलला मूल्य कुणी दिलं, त्याला कुणी, असं उलट चालत जा. ‘इथे नल आला तर सोडून द्या’ अशी एक अट टाकून ट्रेस गप्प करता येतो आणि बग जिवंत राहतो. पुढच्या वेळी तो ट्रेसशिवाय येतो.

प्रॉडक्शनमधलं, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्या ॲपमधलं, जावास्क्रिप्ट आक्रसलेलं असतं, त्यामुळे ट्रेसमध्ये ‘पहिल्या ओळीचं ४८२१६वं अक्षर’ अशी निरर्थक जागा मिळते. सोर्स मॅप तयार करून एरर गोळा करणाऱ्या यंत्रणेकडे चढवून ठेवा, म्हणजे मूळ फाइल आणि ओळ दिसेल.

ट्रेस मिळतच नसेल तर रिकामे कॅच ब्लॉक शोधा. एरर पकडून काहीच न करणारा कोड मी लिहिलेला सापडला की मला स्वतःचाच राग येतो. निदान लॉग तरी करा.

लॉग आणि रिक्वेस्ट आयडी

एकाच वेळी शेकडो लोकांच्या रिक्वेस्ट चालू असतात आणि लॉगमध्ये त्यांच्या ओळी एकमेकींत गुंततात. यावर उपाय जुना आहे. रिक्वेस्ट आत येताच तिला एक आयडी द्या, लॉगच्या प्रत्येक ओळीत तो छापा, पुढच्या सर्व्हिसला हेडरमधून पाठवा आणि एररच्या पानावर वापरणाऱ्यालाही दाखवा. मग तक्रारीत आयडी येतो आणि एका ‘ग्रेप’मध्ये (मजकूर शोधणाऱ्या कमांडमध्ये) सगळा प्रवास समोर. सर्व्हिसेस अनेक असतील तर हेच काम ओपनटेलिमेट्री जास्त नीटनेटकं करतं. २०१९ साली ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प एकत्र करून ते उभं राहिलं. कोणत्या टप्प्याला किती वेळ लागला हे त्यात पट्ट्यांच्या रूपात दिसतं, त्यामुळे मंद रिक्वेस्टचा दोषी शोधायला ते उत्तम. एका पानासाठी डेटाबेसला २०० सारख्याच क्वेरी जाताहेत हे कोड वाचून लक्षात येत नाही, त्या पट्ट्यांत लगेच दिसतं.

लॉगमध्ये ‘इथे पोचलो’, ‘आता इथे’ अशा ओळी घालू नका. मूल्यं छापा: कोणती ऑर्डर, कोणता युजर, किती ओळी मिळाल्या. पासवर्ड, टोकन आणि कार्डाचे नंबर मात्र कधीही नाही.

अर्ध्यात कापा

दार सापडलं पण खोली मोठी आहे, अशा वेळी वरून खाली ओळ न् ओळ वाचण्याऐवजी मधोमध ब्रेकपॉइंट लावा. तिथे मूल्य बरोबर असेल तर चूक खालच्या अर्ध्यात, नसेल तर वरच्या. लूप हजारदा फिरत असेल तर अटीचा ब्रेकपॉइंट लावा, म्हणजे ठरावीक आयडी आला की तो थांबेल. कोण कुठून रिक्वेस्ट पाठवतंय हेच कळत नसेल तर फेचवर ब्रेकपॉइंट लावायची सोय ब्राउझरमध्ये आहे, आणि थांबल्यावर उजवीकडचा कॉल स्टॅक पाठवणाऱ्याचं नाव सांगतो.

‘गेल्या आठवड्यात चालत होतं’ हे वाक्य ऐकलं की गिट बायसेक्ट (कोडच्या इतिहासात अर्ध्यात कापत शोधणारी गिटची कमांड) काढा. एक चालणारा कमिट (इतिहासात नोंदवलेला बदल) आणि एक बिघडलेला कमिट सांगा, गिट मधला काढून देतं, तुम्ही तपासून बरा की वाईट ते सांगता. १००० कमिट असले तरी साधारण १० फेऱ्यांत दोषी कमिट हाती येतो. तपासणी स्क्रिप्टने होत असेल तर ‘बायसेक्ट रन’ला ती द्या आणि तोवर दुसरं काही करा. स्क्रिप्टने ० परत दिलं तर कमिट बरा, १ दिलं तर वाईट, आणि जो कमिट बिल्डच होत नाही त्यासाठी १२५ द्या, म्हणजे गिट तो वगळतं. कमिट छोटे ठेवा असं सगळे का सांगतात, हे बायसेक्टने ४० फाइलींच्या कमिटकडे बोट दाखवलं की कळतं.

‘माझ्याकडे तर चालतंय’

चालत असणारच. प्रश्न दोन जागांमधल्या फरकाचा आहे. नेहमीचे गुन्हेगार ठरलेले असतात. विंडोज आणि मॅकवर फाइलच्या नावातलं मोठं-लहान अक्षर सहसा सारखंच धरलं जातं, लिनक्सवर नाही, त्यामुळे इम्पोर्ट लोकलला चालतो आणि सर्व्हरवर फाइल सापडत नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नेहमी स्ट्रिंग असतं, म्हणून ‘फॉल्स’ लिहिलेली सेटिंग जावास्क्रिप्टला आणि पायथनलाही खरीच वाटते, कारण रिकामी नसलेली स्ट्रिंग खरी. ‘सिक्युअर’ खूण असलेली कुकी साध्या एचटीटीपीवर जात नाही. मायएसक्यूएलमधलं ‘यूटीएफ८’ अक्षराला तीनच बाइट देतं, इमोजीला चार लागतात, आणि कुणीतरी नावात हसरा चेहरा टाकेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ हवं. आणि हो, सर्व्हरची डिस्क भरली आहे का तेही पाहा. सगळ्या एरर एकदम आणि एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या येऊ लागल्या तर मी सगळ्यात आधी तेच पाहतो.

कधीमधीच घडणारे

यांना हातघाईने काही होत नाही. बहुतेकदा दोन गोष्टींची शर्यत असते. शोधाच्या चौकटीत भराभर टाइप केलं, आधीच्या शब्दाचं उत्तर नंतर आलं आणि नव्या निकालावर जाऊन बसलं. किंवा बटण दोनदा दाबलं गेलं आणि दोन ऑर्डर तयार झाल्या. अशा बगला घडायला जागा करून द्या. संशयित कोडमध्ये मूल्य वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये मुद्दाम ५ सेकंदांची झोप घाला आणि दोन टॅबमधून एकदम बटण दाबा. महिन्यातून एकदा होणारा बग दर वेळी होऊ लागतो. ब्राउझरमधल्या शर्यतीसाठी नेटवर्क मंद करून पाहा. दुरुस्ती करताना बटण निष्क्रिय करण्यावर भागवू नका. डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट (तेच मूल्य दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) टाका किंवा ती ओळ ट्रान्झॅक्शनमध्ये लॉक करा. बटण शोभेपुरतं.

दुरुस्ती

आता कोडला हात लावायला हरकत नाही. आधी बग दाखवणारी टेस्ट लिहा आणि ती नापास होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मुळापासूनच पास होणारी टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. मग एका वेळी एकच बदल. दोन बदल एकत्र केले आणि बग गेला, तर कोणत्या बदलाने गेला ते कळत नाही आणि निरुपयोगी बदल कोडमध्ये कायमचा मुक्कामाला राहतो. आमचे सकाळचे तिन्ही बदल दुपारी मागे घ्यावे लागले. माझी नवी क्वेरी तर जुनीपेक्षा मंद निघाली.

ऑर्डरची दुरुस्ती छोटी होती: एपीआयमधून आयडी नंबर म्हणून न पाठवता स्ट्रिंग म्हणून पाठवायचा. पण तीच चूक आणखी कुठे आहे हे पाहायला अख्खा कोड धुंडाळला, तर पावत्यांमध्ये आणि परताव्यांमध्येही तोच प्रकार सापडला. त्यांची तक्रार अजून यायची होती. टेस्टमधले आयडी १, २, ३ असेच होते, म्हणून सगळं इतके दिवस हिरवं दिसत होतं. आता टेस्टचा नमुना डेटाही १९ अंकी आहे, शेवटी ७८९.